नवशाचं मुसकं

१९८४ च्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी सकाळी बेलटोलीच्या सुगंधाबाईच्या कोठ्यात नऊ बकऱ्या, एक बोकड आणि पाच पिल्लं होती. बकऱ्यांपैकी तीन जुन्या, तिच्या माहेरून आलेल्या. सहा तरण्या, याच कोठ्यात जन्मलेल्या. महिनाभरात नऊजणी मिळून अकरा पिल्लं झाली होती. त्यातली पाच कोठ्यामागं मोहाच्या झाडाखाली पुरलेली होती. सहावं पहाटे मेलं होतं आणि ते आता टोपलीत पळसाच्या पानांवर ठेवलेलं होतं.

सुगंधाबाईनं टोपली डोक्यावर घेतली तेव्हा नानाजी, तिचा नवरा, दारात दात घासत उभा होता.

"पुराले कुठी इतक्या दूर नेऊन राह्यली?"

"पुराले नाई. ढोरांच्या दवाखान्यात."

"मेलेल्याले?"

"जित्याले नेतो म्हनलं त तुमीच म्हनत होते का, राहू दे, वाचन आपोआप. आता वाचाचं भेव नाई, म्हून नेतो."

नानाजीनं चूळ थुंकली. "पा सुगंधा, मी सांगून राह्यलो. तुह्या बकऱ्यात आता राम नाई राह्यला. साऱ्याच्या साऱ्या ब्रह्मपुरीच्या बाजारात नेतो न विहिरीत सुरुंग लावतो. चार वर्सं झाले, गोटा हालत नाई."

विहीर हा नानाजीचा जीव होता, तशा बकऱ्या हा सुगंधाबाईचा. चार वर्षांपूर्वी त्यानं शेतात विहीर खोदायला घेतली तेव्हा नागभीडच्या बाजारातून बोकडाचं एक काळं पिल्लू आणलं आणि मातामायपुढं कबूल केलं, विहिरीला पाणी लागलं की हे तुझं. बावीस हातांवर काळा दगड लागला. पाणी लागेना, म्हणून नवस फिटेना. नवस फिटेना, म्हणून बोकड मरेना. त्याचं नावच नवशा पडलं. बघता बघता तो वासराएवढा झाला. नवसाचा, म्हणून त्याला कोणी बांधत नसे. नवसाचा, म्हणून खस्सी, म्हणजे खच्ची, करायचा नाही, विकायचा नाही आणि गावाची शीव ओलांडू द्यायची नाही. तो कोणाच्याही अंगणात शिरे, वाळवणात तोंड घाली आणि सतरा घरांच्या त्या टोलीत त्याला कोणी हड म्हणत नसे.

"बाजाराचं मंग पाहू," सुगंधाबाई म्हणाली आणि चालू लागली.

दवाखाना चार किलोमीटरवर होता. तिथं दिवाळीपासून बापूराव खोब्रागडे नावाचा चोवीस वर्षांचा पर्यवेक्षक आला होता. नवा, म्हणून टापटीप. खिशात दोन पेनं. टोपलीत काय आहे ते पाहून तो हसला नाही. त्यानं पिल्लू आधी स्प्रिंगच्या काट्याला टांगलं. एक किलो पन्नास ग्रॅम. मग त्याचं तोंड उघडलं आणि बोट फिरवलं.

"सुगंधाबाई, इथं हात लावा. वरचा जबडा न् खालचा."

तिनं हात लावला. खालचा जबडा अर्धं बोट आखूड होता.

"याला दूध ओढता आलं नाही. मेलं ते उपाशी. बाकीची कशी मेली?"

"दोघाचे तोंड असेच. बाकीचे निस्ते बारके. उभेच नाई झाले. लोक म्हनते, नजर लागली."

"कोणत्या बकऱ्यांची मेली? जुन्यांची की तरण्यांची?"

हे तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती मोजू लागली. जुन्या तिघींची चार पिल्लं, चारही जिवंत. तरण्या सहाजणींची सात. एक जिवंत, सहा गेली.

"पहिलटकरणी असतील म्हून," ती म्हणाली आणि लगेच स्वतःच मान हलवली. "नाई. तिघी त दुसऱ्यांदा व्यायल्या."

"या सात पिल्लांचा बाप कोण?"

"नवशा. दुसरा कोन? साऱ्या टोलीत दुसरा बोकड ठेवतच नाई कोनी. याचंच पिल्लू शुभ मानते, न तो फुकटही. बाकीचे तीन महिन्याचे झाले का खस्सी करते."

"आणि या तरण्या बकऱ्यांचा बाप?"

"नवशा," ती म्हणाली. मग दवाखान्याच्या ओट्यावर बसून तिनं खडे मांडले. तीन खडे जुन्या बकऱ्यांचे. त्यांच्याखाली चार, त्यांच्या लेकी. त्यांच्याखाली दोन, लेकींच्या लेकी. प्रत्येक खड्याशेजारी बाप म्हणून तिला तोच एक काळा खडा उचलून ठेवावा लागला. शेवटच्या दोघींना तो बापही होता, आजाही होता आणि आता नवराही होता. ती खड्यांकडे बघत राहिली आणि तोंडावर पदर घेऊन खुदकन हसली.

"माय वो! आमी त सोयरिकीत सात पिढ्या कूळ पाहतो, देव पाहतो."

"तेच," बापूराव म्हणाला. "माणसात पाहता, तसं यांच्यातही पाहायचं. प्रत्येक जिवात काही खोट लपलेली असते. बाप एक खोट देतो, पण आई दुसऱ्या घरची असली की ती सहसा उघडी पडत नाही. दोघांकडून तीच खोट आली, की हे असं होतं." त्यानं टोपलीकडे बोट केलं. "नवशा चांगलाच आहे. जुन्यांना त्याचीच पिल्लं झाली, ती बघा कशी आहेत. पण लेकींपासून त्याला दूर ठेवलं पाहिजे. खस्सी करू?"

"नवसाचा आहे."

"मग बांधून ठेवा."

"नवसाचा आहे ना, भाऊ."

"दुसऱ्या गावी द्या. त्या गावचा इकडे आणा."

"शीव वलांडली का नवस मोडला."

बापूरावानं पेनाचं टोपण लावलं. त्याच्या अभ्यासक्रमात यापुढचा उपाय नव्हता.

उपाय सुगंधाबाईला परतीच्या वाटेवर सुचला. एका खळ्यावर उशिराची मळणी चालली होती. बैल धानावर गोल फिरत होते आणि धान खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी बांधलेली होती. ती तिथंच उभी राहिली. बैल बांधलेला नसतो, मारलेला नसतो, धानातच फिरतो. फक्त खाऊ शकत नाही.

घरी येऊन तिनं युरियाची रिकामी थैली फाडली, दोन टोकांना सुतळी लावली आणि नवशाच्या पोटाखालून, पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत लोंबेल अशी ती पाठीवर बांधली. नवशा दोन पावलं चालला, त्यानं वाकून खाली पाहिलं आणि तो एका तरण्या बकरीच्या मागं लागला. उडी त्यानं नेहमीसारखीच घेतली. मधे थैली आली. त्यानं पुन्हा घेतली. पुन्हा थैली. बकरी कंटाळून पुढं निघून गेली.

नानाजी विहिरीवरून आला आणि फावडं हातात धरून उभाच राहिला.

"हे काय लुंगी नेसवली वो त्याले?"

"मुसकं आहे."

"मुसकं तोंडाले बांधते!"

"तोंडाचा कसूर असता त तोंडालेच बांधलं असतं."

नानाजी हसणार नव्हता, पण त्याला हसू आवरलं नाही. मग नवस आठवून तो घाबरला. "माय कोपन. देवाचा जीव आहे तो. गाव थुंकन माह्या तोंडावर."

म्हणून दोघं देवाजीकडे गेले. मातामायची पूजा देवाजीकडे होती. तो वयानं मोठा, बोलायला सावकाश आणि कोणतीही गोष्ट ठरवण्याआधी तंबाखू मळणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आखूड जबडा, खडे, मुसकं, सगळं.

"मायले काय कबूल केलं तुवा, नाना?"

"सारा धडधाकट बोकड."

"मंग थैलीनं त्याचं काही कमी झालं का?"

"नाई."

"बांधला का खुट्याले?"

"नाई. फिरते."

देवाजीनं तंबाखू ओठाखाली ठेवली. "मंग मायचं काही म्हननं नाई. पन युरियाची थैली? लाज नाई वाटत? देवाच्या जीवाले नवं कापड पायजे. लाल."

अशा रीतीनं मार्चच्या मध्यावर नवशाच्या पोटाखाली दुहेरी लाल कापड आलं. टोलीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. शेजारच्या बायनाबाईनं तर त्याला हात जोडून विचारलं, "कावो नवशाजी, लगीन कधीचं?" बाकीच्यांनाही आपापल्या मेलेल्या पिल्लांची आठवण होती, त्यामुळे हसून झालं की लोक सुगंधाबाईला हळूच विचारत, याचा फायदा होईल का?

नानाजीनं मात्र अट घातली. यंदा अकरातली पाच जगली. येत्या संक्रांतीला पुढच्या वेताची पिल्लं मोजायची. पाचाच्या वर जिवंत असली तर बकऱ्या सुगंधाबाईच्या, तो पुन्हा नाव काढणार नाही. पाच किंवा कमी असली तर ब्रह्मपुरीचा बाजार आणि विहिरीचा सुरुंग.

"मंजूर," सुगंधाबाई म्हणाली. टिकली नावाची तरणी बकरी मुसकं बांधायच्या आठवडाभर आधी नवशाकडून फळली होती, हे मात्र तिला माहीत होतं. म्हणजे भरवशाच्या आठच.

नव्या बोकडाची सोय बापूरावानं केली. त्याची मावशी अंजनाबाई वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात राहत होती. तिच्या घरचा बोकड दर दोन वर्षांनी बदलत असे.

"आमच्याकडं नवस नाई," अंजनाबाई भाच्याबरोबर आलेल्या सुगंधाबाईला चहा देताना म्हणाली, "म्हून बोकडही टिकत नाई, न दोषही टिकत नाई. घेऊन जा. बेचाळीस दिवस ठेवा. काऊन बेचाळीस?" तिनं भाच्याकडे पाहिलं.

"बकरी दर वीस-एकवीस दिवसांनी माजावर येते," बापूराव म्हणाला. "एखादी पहिल्या वेळी फळली नाही तर दुसरी संधी मिळाली पाहिजे. दोनदा एकवीस."

"मोबदला काय द्यावं, बाई?" सुगंधाबाईनं विचारलं.

"धानाच्या रोवण्याले चार दिवस ये माह्या बांधीत. चिखलात हात कमी पडते दरवर्षी."

सहा जूनला बोकड डोंग्यातून नदी उतरला. तांबडा, पांढऱ्या कानांचा, लाजाळू. डोंगा चालवणाऱ्या बुधूनं त्याला मधोमध बसवलं आणि विचारलं, "नवरदेवासंगं वऱ्हाड इतलंच?" टोलीत त्याचं नाव पाहुणा पडलं आणि तेच राहिलं.

सुगंधाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं कोठ्याच्या भिंतीला आठ लहान मडकी टांगली, एका बकरीला एक. ज्या दिवशी बकरी पाहुण्याकडून फळली, त्या दिवसापासून तिच्या मडक्यात रोज एक चिंचोका पडायचा. बकरी माजावर आली हे ओळखायला तिला शिकवावं लागलं नव्हतं. बकरी उगीच ओरडते, शेपटी सारखी हलवते, चरता चरता थांबते. नवं शिकायचं ते एवढंच की दिवस मोजायचे आणि वीस चिंचोके होईपर्यंत नीट बघायचं. ती पुन्हा ओरडली तर मडकं रिकामं करायचं. गप्प राहिली तर चिंचोके टाकत राहायचे, दीडशेपर्यंत.

पहिल्या दहा दिवसांत पाच मडकी चालू झाली. अकराव्या दिवशी घोटाळा झाला.

सुगंधाबाई धानाच्या बांधीत धुरे, म्हणजे शेताचे बांध, चोपत होती. परत आली तेव्हा अंगणात पाहुणा एका कोपऱ्यात, डोक्याला खोक पडलेला. नवशा मधोमध उभा, वरचा ओठ दुमडून हवा हुंगत. आणि लाल कापड बोरीच्या झुडपावर. नवशासमोर भुरी, तरण्यांतली सगळ्यात धाकटी, नवशाच्या लेकीची लेक, शेपटी हलवत उभी होती.

"बायनाबाई! तुमी होत्या ना अंगनात? काय झालं?"

"झालं ते झालं," बायनाबाई म्हणाली. "दोघं भिडले, कापड फाटलं. मंग मी तोंड फिरवलं बापा. देवाचा जीव, आपन काय पाहावं?"

"कोन चढला भुरीवर? पाहुना का नवशा?"

"म्हनलं ना, तोंड फिरवलं!"

सुगंधाबाईनं कापड तीनपदरी शिवून पुन्हा बांधलं. भुरीच्या मडक्यात त्या संध्याकाळी तिनं एक चिंचोका टाकला, पण तिचं मन त्यात नव्हतं. नवशाकडून फळली असेल तर भुरी पाच महिने आपल्या आज्याचं पिल्लू पोटात वागवणार. जबडा आखूड, वजन किलोभर. टिकली गेली, भुरी गेली, उरल्या सात. बकऱ्यांना एकेकच पिल्लू झालं आणि दोन दगावली, तर पाच. अटीत पाच म्हणजे बाजार.

ती बापूरावाकडे गेली. त्यानं वहीत भुरीच्या नावापुढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"आता काही करता येत नाही, सुगंधाबाई. वाट पाहायची. एका वेळी बकरी फळतेच असं नाही. विसाव्या दिवशी ती माजावर आली, तर समजायचं की पोटात काही नाही. मग दुसरी संधी आहे. पाहुणा तेव्हा इथंच असेल."

"न नाई आली त?"

"नाही आली तर गाभण."

"कोनाची?"

"ते पिल्लू सांगेल."

आयुष्यात पहिल्यांदाच सुगंधाबाई एखादी बकरी गाभण नसावी म्हणून वाट पाहू लागली. कोणाला सांगावं तरी काय? रोज सकाळी ती भुरीजवळ उकिडवी बसून तिच्या शेपटीकडे बघायची. सतरा चिंचोके झाले. अठरा झाले. भुरी मुकाट्यानं रवंथ करत होती, जणू जन्मात कधी ओरडलीच नव्हती. एकोणिसाव्या दिवशी नानाजी म्हणाला, "तिच्यापुढं बसून राह्यली त ती का तुले पाहून माजावर येईन?"

"तुमी गुमान रोपं उपटा."

"उपटतो ना. बाजारचा दिवसही पाहून ठेवला."

"पुढच्या वर्सीचा असंन तो."

विसाव्या दिवशी, सात जुलैला, पावसाची झड लागली होती. सुगंधाबाई चुलीशी होती. कोठ्यातून आवाज आला. लांब, चिरका, थांबून थांबून. ती ओल्या अंगणातून धावली. भुरी दाराला तोंड लावून ओरडत होती आणि शेपटी पंख्यासारखी हलत होती.

"ओरड वो माये, ओरड!" सुगंधाबाई म्हणाली. मडकं उतरवून तिनं वीसचे वीस चिंचोके अंगणात उधळले. नवशाला तिनं आधी धानाच्या कोंड्याचं घमेलं दाखवून बायनाबाईच्या परसात नेलं, कारण लोभ दाखवणं म्हणजे बांधणं नव्हे, आणि मग पाहुण्याला भुरीजवळ सोडलं. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं, दोनदा. संध्याकाळी पुन्हा एकदा.

अठरा जुलैला पाहुणा नदी ओलांडून घरी गेला. नंतर चार दिवस सुगंधाबाई अंजनाबाईच्या बांधीत रोवणा लावत होती आणि आठही मडक्यांत चिंचोके टाकायचं काम नानाजीकडे आलं होतं. परत आल्यावर तिनं मोजून पाहिलं. एकही कमी नव्हता.

"मी बाजारची वाट पाहून राह्यलो," नानाजी म्हणाला, "पन हिशोबात बेइमानी नाई करत."

जुलैच्या चोवीस तारखेला टिकली व्यायली. एक पिल्लू, एक किलो शंभर ग्रॅम. उभं राहिलं, दोनदा दूध प्यालं आणि नवव्या दिवशी मेलं. नानाजीनं ते पुरलं. त्या दिवशी तो विहिरीवर गेला नाही.

नोव्हेंबरच्या सहा तारखेपासून मडकी एकामागून एक भरू लागली. पहिली जुनी ढवळी. एकशे एक्कावन्नाव्या चिंचोक्याला दोन पिल्लं. मग तिच्या दोन सोबतिणी. मग तरण्या, आणि त्यांच्या वेळी बापूराव काटा घेऊन सायकलीवरून येऊ लागला. पहिल्या तरणीचं पिल्लू तांबडं, पांढऱ्या कानांचं. एक किलो नऊशे. ते ओलं असतानाच धडपडत उठलं आणि बापूरावाच्या पँटचं टोक चोखू लागलं.

"जबडा पा, जबडा," सुगंधाबाई म्हणाली.

"पाहतो ना. आधी माझी पँट तर सोडू द्या."

जबडा जिथल्या तिथं होता.

भुरी सर्वांत शेवटी, चार डिसेंबरला व्यायली. सुगंधाबाईनं तिच्या मडक्यातले चिंचोके ओट्यावर ओतून दहा-दहाचे ढीग केले. पंधरा ढीग झाले. त्याच दिवशी दुपारी दोन पिल्लं, एक तांबडं, एक भुरं. भुरं लहान होतं आणि थंडी कडक होती. नानाजीनं ते आपल्या घोंगडीत घेतलं आणि चुलीजवळ बसला.

"बाजारचा दिवस पाहाले नाई गेले आज?" तिनं विचारलं.

"गप बस. झोपलं आहे ते."

पौषात एक पिल्लू कोल्ह्यानं नेलं. बाकीच्यांना सुगंधाबाईनं रात्री घरात, धानाच्या कोठीमागं घेतलं.

१४ जानेवारी १९८५ ला, संक्रांतीच्या सकाळी, सगळी टोली अंगणात जमली. देवाजी तंबाखू मळत बसला होता. बापूरावानं मोहाच्या फांदीला काटा टांगला, सुगंधाबाई एकेक पिल्लू उचलून देत होती आणि नानाजी, अट त्याची म्हणून, आकडे मोठ्यानं वाचत होता. लाल कापडातला नवशा सर्वांच्या पायांतून फिरून कोणाच्या तरी तिळगुळाच्या पुडीत तोंड घालून उभा राहिला.

आठ बकऱ्यांना बारा पिल्लं झाली होती. अंगणात अकरा होती, म्हणजे अट सुगंधाबाईनं जिंकली होती. तरण्या पाचजणींची सात, जुन्या तिघींची चार. सातांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन एक किलो आठशे साठ ग्रॅम होतं. शेवटी काट्याला भुरीचं ते लहान भुरं पिल्लू लागलं, वय एकेचाळीस दिवस. नानाजीनं काटा स्थिर होऊ दिला आणि वाचलं: पाच किलो दोनशे ग्रॅम.